समग्र समाज आणि धाकटीचा नवरा

९ जानेवारी

साडूबुवा,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणता आणि त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझी अख्खी संध्याकाळ जाते. कागदावर ‘हं’ लिहून पाठवायला तुम्हालाही संकोच वाटेल.

काल जेवताना ही म्हणाली, “अहो, कळलं का? भाऊजी मॉडेल बांधताहेत. सगळ्या समाजाचं.”

माझा घास हातातच राहिला. “काम कोणाला दिलंय?”

“कोणाला कशाला देतील? स्वतःच करताहेत. ताई सांगत होती, तीन वर्षं झाली, खोलीचं दार लावून बसतात.”

तीन वर्षं. साडूबुवा, तुमच्या घरातला माणूस उभा जन्म हाच धंदा करतोय. पुठ्ठ्याची खोकी कापण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या कारखान्यात लेझरचं मशीन आहे. कुठलीही मोठी इमारत जमिनीवर उभी राहण्याआधी कुणाच्या तरी टेबलावर उभी राहते, आणि आमच्याकडे ते टेबल बहुतेक वेळा माझं असतं. टॉवर केले, इस्पितळं केली, एक अख्खं विमानतळ केलं, बॅगांच्या फिरत्या पट्ट्यासकट. आणि तुम्ही समाज बांधायला काढलात तर मला विचारलंही नाहीत. स्केल काय धरलंय? बेस साध्या प्लायचा असेल तर आत्ताच सांगतो, वाकेल. आणि आमच्या समोरच्या गल्लीतल्या त्या टकल्याकडून करून घेत असाल तर बघा बुवा. त्याची झाडं महिन्याभरात गळतात. स्पंजची झाडं गळतात, ही त्याची कारागिरी.

आता खरं दुखणं. दादा, म्हणजे आपले सासरे, डोळ्यांच्या उपचारासाठी सध्या आमच्याकडेच आहेत. हिचं बोलणं ऐकून त्यांनी ताटातला शेवटचा घास निवांत संपवला आणि म्हणाले, “आमचे जावई फार पुढे गेलेले आहेत.” सकाळी डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर दादा म्हणाले, “थोरली मुलगी लांब असते, जावई प्राध्यापक आहेत. इकडे धाकटी असते. आणि हा धाकटीचा नवरा.”

डोळ्यांत थेंब घालायला त्यांचं डोकं धरून उभा होतो मी.

तुम्ही ‘जावई’. मी ‘धाकटीचा नवरा’. लग्नापासून हेच. दादांनी कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली, दुसऱ्याच्या तोंडचा एकही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडून असं काही चुकून येत असेल, हे मला पटत नाही.

असो. मॉडेल कोणाकडे दिलंय ते कळवा.

तुमचा,
मॉडेलवाला

२१ जानेवारी

प्रिय साडूभाऊ,

पत्र वाचून आम्ही दोघंही हसलो. रागावू नका. मी जे बांधतो आहे त्याला स्केल नाही, बेसही नाही. ते ‘प्रतिमान’ आहे. कागदावरचं, विचारांचं. फोनवर बोलताना हिने ‘मॉडेल’ म्हटलं आणि तुमच्या घरी ते प्लायवर जाऊन बसलं.

थोडक्यात सांगतो. आजवर प्रत्येक शास्त्राने समाजाचा आपापला तुकडा उचलला. एकाने बाजार पाहिला, दुसऱ्याने कुटुंब, तिसऱ्याने सत्ता. पण गाव तुकड्यांत जगत नाही. एखाद्या गावातली गिरणी बंद पडली की नुसता पगार थांबत नाही. लग्नं लांबतात, शाळेतल्या वरच्या वर्गातली मुलं कमी होतात, प्रार्थनेला गर्दी वाढते आणि पुढच्या निवडणुकीत कुणी ओळखत नव्हतं असा माणूस निवडून येतो. हे सगळं एका नजरेत कसं पाहायचं, हा माझा प्रश्न. त्यासाठी पाच वर्तुळं मानली आहेत: कुटुंब, उपजीविका, सत्ता, प्रतिष्ठा आणि ज्ञान. प्रत्येकाचा इतर चारांशी संबंध. मानवी समाजाचं समग्र प्रतिमान.

आमच्या संस्थेचं नवं सभागृह एप्रिलमध्ये उघडेल, तेव्हा ते मांडायचं आहे. दादांनाही बोलावणार आहे. पण ही बांधायची वस्तू नव्हे, त्यामुळे तुमच्या समोरच्या गल्लीतल्या गृहस्थांवर उगाच संशय नको.

‘जावई’ या शब्दाचं तुम्ही एवढं मनावर घेऊ नये. दादांचा तसा काही उद्देश नसेल. त्यांचं तुमच्याकडे कसं चाललं आहे? झोप लागते का? बोलतात का? आमच्याकडे आले की फारसं बोलत नाहीत, म्हणून विचारलं.

आपला,
साडू

२ फेब्रुवारी

साडूबुवा,

‘ही बांधायची वस्तू नव्हे’ हे वाक्य मी कारखान्याच्या भिंतीवर लावावं म्हणतो. गिऱ्हाइकं येऊन हेच सांगतात. एक आर्किटेक्ट बाई म्हणाल्या होत्या, माझं छप्पर तरंगतं, ते तुम्हाला जमणार नाही. तरंगवलं. बाई आता दर वर्षी येतात.

तुमचं पत्र मी दादांना वाचून दाखवलं. डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून कान देऊन ऐकलं त्यांनी. गिरणीशी आल्यावर म्हणाले, “वा. काय विचार आहे.” मी म्हटलं, दादा, हे मी बांधून दाखवतो. ते म्हणाले, “तुला नाही जमायचं ते. तू आपलं पाणी दे जरा.” दिलं पाणी.

पण मला कळलंय हो तुमचं. एक दोरी ओढली की पाचही चाकं हलली पाहिजेत, एवढंच ना? हे तर मी घरातच बघतो. ताईंनी तिकडे सोफा बदलला, फोटो इकडे आला, आणि माझा चांगला धडधाकट सोफा त्याच संध्याकाळी जुना झाला. मग नव्या सोफ्याला शोभत नाही म्हणून पडदे गेले. मग मी कारखान्यात ओव्हरटाइम लावला. मग माझा सुतार आणि त्याची बायको भांडली, कारण तो घरी उशिरा जायला लागला. तुमच्या एका सोफ्याने माझ्या सुताराचं घर हललं. ह्याचं वर्तुळ कुठलं, ते कळवा.

नकाशा पाठवा. पाच वर्तुळं आणि बाण. मी असं करतो की माणसाने येऊन एक मूठ फिरवायची, आणि सगळा समाज हलताना दिसेल. मजुरी नको, माल माझा. एकच अट आहे. उद्घाटनाला दादांना पहिल्या रांगेत बसवा, आणि हे कोणी बांधलं ते पाहुण्यांना त्यांच्याच तोंडून सांगायला लावा. लोकांसमोर, उभं राहून, ‘हे माझे धाकटे जावई’. एवढे चार शब्द. मग पुढची पंचवीस वर्षं काय हवं ते म्हणोत.

दादा छान आहेत. बोलतात म्हणजे काय, थांबतच नाहीत. काल मला ओरडले, दाढीचं पाणी गार आणलं म्हणून. तुम्ही काळजी करू नका. तुमच्याकडे बोलत नसतील तर तुमच्या विद्वत्तेला जपून वागत असतील.

तुमचा,
मॉडेलवाला

१४ फेब्रुवारी

प्रिय साडूभाऊ,

आधी सोफा. तुम्हाला वाटत असेल की तो माझ्या प्रतिमानात बसत नाही. बसतो. चौथं वर्तुळ, प्रतिष्ठा, त्याचा तिसरा उपभाग: तुलना आणि स्पर्धा. त्यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे. तुमचा सुतार मात्र माझ्याकडे नव्हता. परवानगी असेल तर पुढच्या व्याख्यानात वापरतो.

आता तुमचा प्रस्ताव. मला तो अजिबात मान्य नव्हता. पण तुमचं पत्र टेबलावर होतं आणि आमचे संचालक माझ्या खोलीत आले. त्यांना म्हटलं, आमचे साडू असं काहीतरी म्हणताहेत. ते एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, “तीन वर्षांत तुमच्याकडून ऐकलेली पहिली समजण्यासारखी गोष्ट आहे ही.” तेव्हा नकाशा सोबत पाठवतो आहे. बाणांच्या दिशा बदलू नयेत. स्वतःची भर घालू नये. माणसं, मोटारी, झाडं नकोत.

तुमची अट मान्य. दादांना प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसवू आणि बोलायला सांगू.

एक विचारायचं राहिलं. दाढीच्या पाण्यावरून ते खरंच ओरडले? आमच्याकडे मागच्या खेपेला नळाला दोन दिवस गरम पाणीच नव्हतं, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. त्यांनी चकार शब्द काढला नाही. गार पाण्याने आंघोळ करून, टॉवेलची घडी घालून, खुर्चीत बसून राहायचे. ही म्हणते, त्यांचा स्वभावच तसा. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

आपला,
साडू

१० मार्च

साडूबुवा,

समाज तयार होत आलाय. पाच चाकं, पितळी आस, आतून नायलॉनची दोरी, वरून पारदर्शक अॅक्रिलिक. उपजीविकेवर मी ‘पोट’ लिहिणार होतो, पण तुमची ताकीद आठवली. कुटुंबाची मूठ फिरवली की सत्ता सावकाश वळते, सत्तेची फिरवली की कुटुंब गरकन फिरतं. हे असं का होतं म्हणून सुतार विचारत होता. मी म्हटलं, प्राध्यापकांचे बाण आहेत, आपण मजूर.

चौथं चाक तेवढं कुरकुरतं. प्रतिष्ठा. दोनदा उतरवून घासलं, तेल घातलं, तरी बाकीची चाकं गप्प आणि हे मेलं चालता चालता कुरकुर करतंच. तुमच्या त्या तिसऱ्या उपभागात राहायला लावलंत म्हणून असेल.

तुमच्या गरम पाण्याचा टोमणा पोचला. म्हणजे तुमच्याकडे दादा सभ्यपणे राहतात आणि आमच्याकडे आरडाओरडा करावा लागतो, असंच ना? मान्य. तुमच्याकडे ते खुर्चीत बसतात. आमच्याकडे माझ्या कारखान्यात येऊन लाकडाच्या भुशात बसतात, कातरलेल्या तुकड्यांची रास करतात आणि माझ्या चुका काढतात. “अरे, ते वाकडं लागलंय. अरे, गोंद जास्त झाला. तुला डोळे आहेत की नाहीत?” पट्टी ह्यांच्या एका डोळ्यावर. तुम्हाला कधी वाकडं लागलंय म्हणाले नसतील. जावयाचं वाकडं कसं लागेल?

मी नवा शर्ट शिवायला टाकलाय. ही हसते. म्हणते, “कोणाचं लग्न आहे?” तिला काय कळणार? तिला ते मुलगीच म्हणतात.

सगळं घेऊन आदल्या दिवशी पोचतो. दादा तुमच्याकडे आधीच येतील.

तुमचा,
मॉडेलवाला

६ एप्रिल

साडूबुवा,

गाडीतच लिहायला घेतलंय, अक्षर समजून घ्या. तुम्ही शोधत असाल. मी निघून आलो.

तुमचं व्याख्यान चांगलं झालं. मी मागच्या दाराशी उभा होतो, लोकांची तोंडं बघत. तुम्ही गिरणीवर आलात तेव्हा माझ्या शेजारच्या बाईने खोकला दाबला. तेवढा मान मला कधी मिळायचा नाही. मग माझ्या सुताराचं उदाहरण दिलंत. सभागृह हसलं. सुतार माझा, सोफा माझा, हशा तुमचा. तेही ठीक.

मग दादांना उभं केलंत. शब्दाला जागलात, त्याबद्दल आभार. दादांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाले, “हे आमचे जावई. ह्यांनी हा विचार केला.” मी दाराशी शर्टाची कॉलर सरळ केली. मग त्यांनी सगळ्या लोकांमधून मला शोधून काढलं, बोट दाखवलं, आणि म्हणाले, “आणि बांधलं ते त्या तिकडे उभ्या असलेल्याने. तो आमच्या धाकटीचा नवरा.”

डोळे आता चांगलेच बरे झालेत त्यांचे. एवढ्या गर्दीतून बरोबर सापडलो.

तुमच्या प्रतिमानात ह्याला काय म्हणतात ते मला नको सांगायला. माझा राग तुमच्यावर नाही. नाही कसा, आहे. तुम्ही काही न करता तिथे उभे असता, हाच राग आहे. खोलीत दार लावून तीन वर्षं बसलात तरी जावई. मी डोळ्यांत थेंब घातले, दाढीचं पाणी दिलं, त्यांच्यासाठी अख्खा समाज ओढून आणला. तरी कुणाचा तरी नवराच.

मॉडेल तुमच्याकडेच राहू दे. मूठ कुणाला जोरात फिरवू देऊ नका.

मॉडेलवाला

१२ एप्रिल

प्रिय साडूभाऊ,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून लिहीन म्हणतो आहे. तुम्ही पाच मिनिटं थांबला असतात तर हे लिहावं लागलं नसतं. आणि थांबला नाहीत हे माझ्यासाठी बरंच झालं, असंही मनात येऊन गेलं. का, ते पुढे लिहितो.

तुम्ही दाराबाहेर पडलात आणि पाहुण्यांनी मूठ फिरवली. जोरात. समाज अर्धा वळला आणि अडकला.  मी म्हणालो, “ही साचलेपणाची अवस्था. प्रत्येक समाजाला ती येते.” पुढच्या दोन रांगांनी ते लिहून घेतलं. संचालकांनी मान डोलावली. पण दादा उठले, दाराकडे बघून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “अरे, कुठे गेला हा? दोरी निसटलीय तुझी.” आणि स्वतः खाली बसले, हात आत घातला, दोरी जागेवर बसवली. तुमच्या भुशात बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी ती कशी बसवली, हे मला अजून उमगलेलं नाही. ते प्रतिमान माझं आहे.

नंतर चहाच्या वेळी पाहुणे त्यांना म्हणाले, “म्हणजे हे बांधणारेही तुमचे जावईच की.”

दादा म्हणाले, “कायद्याने, हो.”

“मग धाकटीचा नवरा का म्हणालात?”

दादांनी कप खाली ठेवला. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देतो, कारण मी शेजारी उभा होतो आणि मला विसरता येत नाही. “साहेब, जावई म्हणजे पाहुणा. जावई यायचे म्हटलं की मला शर्ट घालावा लागतो. हा समोर असला तर मी बनियनवर बसतो.”

पाहुणे हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत होते.

साडूभाऊ, इतक्या वर्षांत मी दादांना बनियनवर पाहिलेलं नाही. आमच्या घरी ते सकाळी खोलीतून बाहेर येतात तेच गळ्यापर्यंतची बटणं लावून. गार पाण्याची आंघोळ करतात, पण ‘पाणी गार आहे’ म्हणत नाहीत. मला ‘अहो’ म्हणतात. माझ्या प्रत्येक लेखाला ‘वा’ म्हणतात. एकदाही वाकडं लागलंय म्हणाले नाहीत, आणि माझं पुष्कळ काही वाकडं लागलेलं आहे. माझे वडील मी लहान असताना गेले, हे तुम्हाला माहीत आहे. घरात एक वडीलधारा माणूस आला की आपल्यालाही कुणीतरी ‘अरे’ म्हणेल, अशी माझी समजूत होती. तुमच्या पत्रांत मी तेवढंच वाचत होतो. ते तुम्हाला काय ओरडले, किती वेळा ओरडले. तुम्हाला तो टोमणा वाटला. तो हेवा होता. माझ्या चौथ्या वर्तुळाच्या तिसऱ्या उपभागात तो मावत नाही. तुम्ही थांबला असतात तर हे मी कधीच लिहिलं नसतं.

दादा काल परत निघाले, तुमच्याकडे. मी स्टेशनवर म्हटलं, अजून चार दिवस राहा ना. म्हणाले, “नको, तुम्हाला कशाला त्रास?”

आपला,
साडू

२३ एप्रिल

साडू,

पत्र पोचलं. बनियनचा परिच्छेद हिला मोठ्याने वाचून दाखवला. मग ती ओट्याकडे गेल्यावर पुन्हा वाचला. खोटं कशाला बोलू, हे लिहायच्या आधीही एकदा वाचून घेतला. कागदाच्या घड्या फाटायला आल्यात.

साचलेपणाच्या अवस्थेबद्दल मात्र मी अजून जळतोय. मला तसं सुचलं असतं तर त्या तरंगत्या छपराच्या बाईंना मी आजवर किती छपरं विकली असती.

दादा आल्या दिवशी मी सरळच विषय काढला. ते खाली भुशात बसले होते. बनियनवर. आजवर माझ्या नजरेला ते कधी पडलंच नव्हतं बघ. माणूस रोज दिसतो त्यातलं काही दिसत नाही. म्हटलं, दादा, तिकडे थोरल्या घरीही जरा ओरडत जा.

“कुणावर?”

“प्राध्यापकांवर.”

“छे. जावयाला ‘अरे’ कसं म्हणणार? जीभच वळत नाही.”

“मला म्हणता ते?”

“तू म्हणजे...” एवढं म्हणाले आणि थांबले. कोर्टातला माणूस, शब्द सापडेना. मग म्हणाले, “तू बडबड करू नकोस. ती फळी धर.”

फळी धरली. तेव्हा माझंही राहिलंच आणि तुझंही. चार शब्द मला मिळाले नाहीत, एक तुला मिळाला नाही. त्यांचं वय झालंय, जीभ आता नव्याने वळायची नाही. पण तुला घरातल्या कुणीतरी ‘अरे’ म्हणायला हवं असेल, तर मी वयाने तुझ्याहून लहान असलो तरी आवाज माझा दादांपेक्षा मोठा आहे. पंचवीस वर्षं तुला ‘तुम्ही’ म्हणून पाहिलं. त्याने काही फायदा झाला नाही, नुसता हेवा वाढला.

म्हणून सांगतो, अरे, तुझ्या त्या तिसऱ्या बाणाची दिशा मुळातच वाकडी आहे. मी नकाशाबरहुकूम बसवला म्हणून दोरी निसटली. नकाशा दुरुस्त कर आणि घेऊन इकडे ये. येताना चांगले कपडे आणू नकोस, भुसा फार असतो. दादांना तू येणार हे सांगत नाही, नाहीतर शर्ट घालून बसतील.

कुठल्या गाडीने येतोस ते कळव.

तुझा,
धाकटीचा नवरा